तर्रीचा मान

आमच्या गावात माझ्या आईनं माझ्याबद्दल एक बातमी पसरवून ठेवली होती: पोरगी चितेगावला कंपनीत आहे. गाव कन्नडच्या पलीकडं, घाटाच्या तोंडाशी. बाजारच्या दिवशी कुणी खोदून विचारलंच, कुठली कंपनी, काय काम, तर आई म्हणायची, "मोठी हाय. एसीत बसती." यातलं एसीचं तेवढं खरं होतं, आणि तेही बसायचं नाही, उभं राहायचं. मी शहरात जालना रोडवरच्या एका हॉटेलात असिस्टंट मॅनेजर होते. पण आमच्याकडं हॉटेल म्हटलं की लोकांना एसटी स्टँडबाहेरचं कळकट फडकं आणि कपबशांची बादली दिसते. त्यात बाईमाणूस. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा, दोन-तीन ठिकाणची उमेदवारी, दिवसभर पायांवर उभं राहून धरलेल्या पोटऱ्या, सगळं त्या बादलीत बुडायचं.

मला याचा राग यायचा. मला राग तसा लवकरच येतो, पण या लाइनीत तो दिसू द्यायचा नसतो, म्हणून दाताखाली धरून ठेवायला शिकले. गिऱ्हाईक वाटीत केस सापडला म्हणून ओरडतं, आणि केस उघड उघड त्याच्याच मिशीचा असतो, तरी "सॉरी सर" म्हणायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण खरं सांगायचं तर मला हे काम मनापासून आवडायचं. भर दुपारी सगळी टेबलं भरलेली असताना हॉलच्या मधोमध उभं राहायचं, आणि कुणाचं पाणी संपलंय, कुणाची भाकरी गार झालीय, कुठल्या टेबलावर नवराबायकोचं भांडण पेटायला आलंय, हे एका नजरेत घ्यायचं. यात एक नशा आहे. डाचायचा तो फक्त असिस्टंट हा शब्द. खुद्द मॅनेजर मालकांचा मेव्हणा होता. तो काउंटरला बसून मोबाइल बघायचा. काम मी करायचे, मान तो घ्यायचा.

म्हणून मालकांनी पैठण रोडवरच्या नव्या हॉटेलाची गोष्ट काढली तेव्हा माझं कामातलं लक्षच उडालं. चितेगावजवळ, कंपन्यांच्या पट्ट्यात, अगदी रस्त्याला लागून जागा होती. जागा मालकांच्या व्याह्यांची, म्हणजे त्यांच्या लेकीच्या सासऱ्यांची.

"तिथं पूर्ण मॅनेजर तुम्ही, ताई," मालक म्हणाले. "मेव्हणा राहू द्या इथंच. तिथं मला काम करणारं माणूस पाहिजे."

पुंडलिकनगरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून मी तिथली टेबलंसुद्धा मनातल्या मनात मांडून टाकली. पार्किंगला कंपनीच्या बसगाड्या कुठं लागतील, कामगारांची शिफ्ट सुटल्यावर भाकऱ्या कशा पुरवायच्या, सगळं ठरलं. मला ती जागा इतकी हवी होती की दुसऱ्या कुणाच्या तोंडून चितेगाव हा शब्द ऐकला तरी हातातलं काम थांबायचं.

घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. व्याह्यांनी अजून होकार दिला नव्हता. जुने बागायतदार, गळ्यात तुळशीची माळ, शब्दाला पक्के. हॉटेल या धंद्यावरच त्यांचा भरवसा नव्हता. शेवटी मालकांनी त्यांना रविवारी दुपारी सगळ्या घरासकट जेवायला बोलावलं.

"एकदा आपल्याकडं पोटभर जेवले की शब्द देतील," मालक मला म्हणाले. "पण काही कमी पडायला नको, ताई. व्याही माणूस आहे. माझ्या लेकीला त्या घरात नांदायचंय."

म्हणजे लेकीचं नांदणं, मालकांना हवी असलेली जमीन आणि माझी नवी नोकरी, तिन्ही एका ताटात वाढून ठेवलेली.

मी वरचा फॅमिली हॉल रिकामा ठेवला. टेबलं जोडून एक लांब पंगत केली. शेवभाजी, भरलं वांगं, ज्वारीच्या भाकऱ्या, ठेचा आणि शेवटी शिरा. मग किचनमध्ये जाऊन वस्तादसमोर उभी राहिले. आमचा वस्ताद वैजापूरकडचा, पन्नाशी उलटलेला, हंडीतल्या मटणासाठी प्रसिद्ध. लोक त्याच्या हातचं खायला लांबून गाड्या काढून यायचे आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"वस्ताद, माळकरी माणसं आहेत. भांडी वेगळी, पळ्या वेगळ्या."

"म्याडम, मला काय शिकिवता?" तो म्हणाला. "मालकाचे सोयरे म्हंजी आपले सोयरे. असं करतो का, बोटं चाटीत ऱ्हातेल."

मी समाधानानं वर गेले. आता तर्रीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारं लालभडक मसाल्याचं तेल. आमच्या भागात पाव्हण्याचा मान तर्रीवर मोजतात. जावयाच्या वाटीत ती बोटभर असते आणि नावडत्या पाव्हण्याला पळी खालून घालून पाणी वाढतात. कुणी तोंडानं बोलत नाही, पण वाटी समोर आली की ज्याचं त्याला बरोबर समजतं.

व्याही वेळेवर आले. पांढरंशुभ्र धोतर, वर सदरा. टोपी काढून शेजारी ठेवली आणि खुर्चीवरच मांडी घालून बसले. घरातली डझनभर माणसं दोन्ही बाजूंनी बसली. मालकांची लेक डोक्यावर पदर घेऊन अगदी शेवटच्या खुर्चीवर, उठायला सोपं पडेल अशी. तिनं माझ्याकडं बघून हसण्याचा प्रयत्न केला. तिच्या कपाळावर एसीतही घाम होता. मला तिची दया आली आणि लगेच स्वतःचीही आली, कारण माझंही सगळं याच पंगतीवर अडलं होतं.

ताटं यायला लागली. एरवी हॉटेलात जे ताट तयार होईल ते टेबलावर जातं, ज्याचं आलं तो जेवायला लागतो. इथं पंगतीची रीत होती. शेवटचं ताट वाढून झाल्याशिवाय थोरला माणूस घास उचलत नाही, आणि त्यानं उचलल्याशिवाय दुसरं कुणी नाही. व्याह्यांनी भाकरी कुस्करली, वाटीतला रस्सा तिच्यावर ओतला, थोडा वाटीत ठेवला आणि हात आखडून शांत बसले. मालक त्यांच्या मागं उभे राहून वाढणाऱ्या पोरांना नुसत्या भुवयांनी हाकत होते.

मी सवयीनं टेबलावरून नजर फिरवली. पाणी होतं, मीठ होतं, लिंबू होतं. मग नजर व्याह्यांच्या वाटीवर थांबली.

ते नेमके एसीच्या झोताखाली बसले होते. वाटीच्या काठाला, जिथं रस्सा संपतो आणि स्टील सुरू होतं तिथं, पांढुरकी रेघ धरली होती. केसाएवढी बारीक. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती, दिसली असती तरी साबणाचा डाग वाटला असता. तेलाची तर्री गार झाली तरी तेलच राहते. अशी थिजते ती फक्त चरबी.

मी पळत जिना उतरले. पळायचं नाही हा आमच्या लाइनीतला पहिला नियम, पण नियम आठवायला डोकं ठिकाणावर लागतं. वस्ताद कमरेवर हात ठेवून उभा होता, काम फत्ते झाल्यासारखा.

"वस्ताद, शेवभाजीत काय टाकलं?"

"काय टाकलं म्हंजी? शेव, मसाला..."

"तर्री कुठली?"

तो हसला. खरंच हसला, आणि त्या हसण्यानंच माझी उरलीसुरली आशा गेली. "रस्सा फिक्का दिसत व्हता, म्याडम. व्याह्याच्या ताटाला असा फिक्का रस्सा लावायचा व्हय? नाक कापलं जाईन मालकाचं. मंग हंडीतली वरची दोन पळ्या तर्री मारली. लई रंग आला बघा."

"मटणाच्या हंडीतली?"

"तर्री म्हंजी तेल असतंय, म्याडम. मटान कुठं टाकलं म्या? एक बी बोटी नाय त्यात."

मी त्याला बोलणार होते, वाटेल ते बोलणार होते. पण त्याच्या चेहऱ्यावर तिळमात्र लबाडी नव्हती. त्यानं चोरी लपवायला तर्री टाकली नव्हती, मान द्यायला टाकली होती. अशा माणसावर ओरडायचं तरी काय म्हणून? आणि ओरडायला वेळही नव्हता. किचनच्या खिडकीत एक ताट तयार होऊन पडलं होतं. मालकांच्या लेकीचं, शेवटचं.

ते ताट वर गेलं की पंगत पुरी होणार होती.

मी ते ताट उचलून आतल्या फळीवर ठेवलं आणि वाढणाऱ्या पोरांना सांगितलं, मी सांगेपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. एवढ्यानं थोडी उसंत मिळाली. जिन्यावर थांबून मी विचार केला, म्हणजे विचार करण्याचा प्रयत्न केला. खरं सांगावं तर व्याही उठून जातील, जमीन गेली, मालकांच्या लेकीला सासरी आयुष्यभर टोमणे, आणि माझं चितेगाव संपलं. गप्प बसावं तर कुणालाही कधीही कळणार नव्हतं. म्हातारा रस्सा खाऊन ढेकर देईल, वस्तादची तारीफ करेल आणि संध्याकाळपर्यंत जमिनीचा शब्द देईल. इकडं आड, तिकडं विहीर. शेवटी मी मधली वाट काढली. वाट्या गरम करायच्या निमित्तानं सगळं उचलायचं, खाली न्यायचं, फेकून द्यायचं. मालकांना नंतर सांगता येईल.

मी वर गेले, चेहऱ्यावर हसू चिकटवलं आणि व्याह्यांच्या शेजारी वाकले. "काका, रस्सा गार झालाय. ताट बदलून गरम आणते."

"ऱ्हाऊ दे, पोरी," ते म्हणाले. "गार बी चालतंय आपल्याला. आता भाकर कुस्करली. ताटातलं अन्न टाकायचं नसतं."

"दोनच मिनिटं, काका."

"नगं म्हनलं ना." आवाजात राग नव्हता, पण ताटाच्या कडेला त्यांनी हात ठेवला. आता ते ताट ओढून घेणं म्हणजे भांडणच झालं असतं. मालक माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. मी त्यांच्याकडं बघून नको म्हणून मान हलवली. त्यांना वाटलं मी शेवटच्या ताटाबद्दल सांगतेय.

"शेवटचं ताट कुठं अडकलं?" ते पुटपुटले आणि स्वतःच खाली गेले.

मी तिथंच उभी राहिले. त्यांच्या मागं जावं तर इथं कुणी घास उचलेल, इथं थांबावं तर ताट येणार. खाली मालकांचा आवाज चढला, जिन्यावर त्यांची पावलं वाजली, आणि लेकीचं ताट दोन्ही हातांत धरून ते स्वतः हसत हसत आत आले. सासरच्या माणसांसमोर लेकीला बाप वाढतोय, सगळ्यांना कौतुक वाटलं. ताट टेबलावर टेकलं. व्याह्यांनी हातात पाणी घेऊन ताटाभोवती फिरवलं, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि रश्श्यात भिजलेल्या भाकरीचा घास उचलला.

मी त्यांचं मनगट धरलं.

परक्या, थोरल्या, माळकरी माणसाचं मनगट, त्यांच्या सुनेसमोर, नातवंडांसमोर. माझ्या तोंडून जे आलं ते शिकलेलं मराठी नव्हतं, आमच्या गावाकडचं होतं. "खाऊ नगा, काका. ह्याच्यात मटणाची तर्री हाय."

व्याह्यांनी घास हळूच ताटात परत ठेवला. मी हात सोडला. त्यांनी आधी ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता शिव्या बसतील, आणि बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"वाटीत मटण तर दिसत नाय," ते म्हणाले. "तुला कसं कळलं?"

"कडेला थिजली, काका. तेल थिजत नाही."

"तुला काय ठावं?"

"आमच्या घरी मेंढरं होती. लहानपणापासून बघितलंय, खाल्लंय."

"व्हय का," ते म्हणाले. मग विचारलं, "कुणी टाकली?"

खाली वस्ताद कान टवकारून उभा असणार हे मला ठाऊक होतं. "किचन माझ्याकडं आहे, काका. चूक माझी. दुसरं सगळं नव्या भांड्यात करून देते."

त्यांनी ताटाला हात जोडले, टोपी डोक्यावर घातली आणि उठले. थोरला उठला तशी पंगत उठली. नातवंडांनीसुद्धा हातातल्या भाकरीचे तुकडे खाली ठेवले. "मन उठलं, पोरी," एवढंच बोलून ते जिना उतरले. व्याही ताटावरून उपाशी उठून गेला, याच्याएवढी नामुष्की आमच्याकडं दुसरी नाही. मालकांची लेक माझ्याजवळून गेली तेव्हा मान वर करून तिनं पाहिलंसुद्धा नाही.

गाड्या गेल्यावर मालक मला स्टोअररूममध्ये घेऊन गेले. "गुपचूप ताटं उचलता आली नसती?"

"उचलत होते. त्यांनी उचलू दिली नाहीत. तुम्ही पाहिलंत."

"मग गप्प बसायचं! तेलाचा थेंब. देवाला कळलं असतं का?"

"देवाचं मला माहीत नाही," मी म्हणाले. दाताखालचा सगळा राग एकदम सुटला. "मला कळलं होतं ना. माझ्या डोळ्यांदेखत त्यांना खाऊ घालायचं, आणि वर हसून शिरा वाढायचा? तसला मॅनेजर पाहिजे असेल तर तुमचा मेव्हणा आहेच."

त्यांनी मला कामावरून काढलं नाही, हेच नवल. वस्तादलाही नाही, त्याची हंडी बंद पडणं परवडणारं नव्हतं. पण पुढचे दिवस फार वाईट गेले. मालक माझ्याशी कामापुरतं बोलायचे. वस्ताद माझ्यावर उलटा रुसून बसला, कारण त्याच्या मते तेलाचं मी उगाच मटण केलं. मेव्हणा खुशीत होता. फोन वाजला की मी मालकांच्या तोंडाकडं बघायचे. दिवसभर चुका व्हायला लागल्या, एका टेबलाचं जेवण दुसरीकडं. मी पहिल्यांदाच मनात म्हटलं की लाइन सोडावी.

मग एके दुपारी गर्दी ओसरल्यावर मालक आले ते पेढ्याचा पुडा घेऊन. चेहरा उजळलेला. पहिला पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"व्याह्यांनी जागा दिली, ताई! काल स्वतः फोन करून दिली. म्हणाले, ज्या हॉटेलात अशी पोरगी आहे त्या हॉटेलावर भरवसा ठेवायला हरकत नाही. स्वतःचं नुकसान दिसत असून तिनं माझी माळ राखली. सगळ्या घरासमोर तुमचं कौतुक चाललंय. माझी लेकसुद्धा रडत होती फोनवर."

मी पेढा हातात धरून उभी राहिले. इतके दिवस दाबून धरलेलं रडू भर हॉटेलात बाहेर पडेल की काय, अशी भीती वाटली.

"एकच अट आहे त्यांची," मालक म्हणाले. "त्या जागेत शुद्ध शाकाहारी. अंडंसुद्धा नाही."

"चालेल की," मी म्हणाले. "उलट बरं. कंपन्यांचे सगळे साहेब लोक येतील. मी मेनू..."

"ताई." मालकांनी काउंटरवरचा बडीशेपेचा डबा उगाचच सरळ केला. "त्यांचं म्हणणं असं, की भांडीच नाही, माणसंसुद्धा तशीच पाहिजेत. स्वयंपाकाला, वाढायला, देखरेखीला. तुम्हीच सांगितलंत ना त्यांना, घरी मेंढरं होती, खाल्लंय म्हणून. त्यांच्या मनातून ते जात नाही. तिथल्यासाठी मी दुसरा एक माणूस पाहिलाय. सगळं घर माळकरी आहे त्याचं."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि कान तापले. जे माहीत होतं म्हणून मी त्यांचा हात धरला, तेच माहीत असलेली बाई त्यांना तिथं नको होती.

"तुमच्याबद्दल काडीचंही वाईट नाही त्यांच्या मनात," मालक घाईघाईनं म्हणाले आणि काउंटरखालून एक पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली. "ही साडी पाठवलीय तुमच्यासाठी. येवल्याची आहे. म्हणाले, मी तिला लेक मानलंय."

मी पिशवीकडं पाहिलं. साडी चांगली होती, जांभळी, काठाला खरी जर.

"लेक मानलंय?" मी विचारलं. "मग विचारा त्यांना फोन लावून. लेकीच्या हातचं जेवतील का?"

मालकांनी फोन खिशातून काढला, हातात धरला, आणि तसाच परत खिशात ठेवला.